परिचारिकेचे कौतुक आणि त्यातला तपशील

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास एक जुना वाद दर वर्षी नव्याने पेटतो. एका बाजूला परिचारिकेला देवदूत, ममतेची मूर्ती, सेवेचे व्रत घेतलेली तपस्विनी म्हणणारे लोक असतात. बरे होऊन घरी परतलेल्या रुग्णांची कृतज्ञता आणि व्यासपीठावरची भाषणे या दोन्हींत ही भाषा सारखीच आढळते. दुसऱ्या बाजूला या भाषेला विटलेले लोक असतात आणि त्यांत स्वतः परिचारिकाही असतात. त्यांचे म्हणणे असे की, परिचारिका ही रीतसर शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, नोंदणी करून कामाला लागलेली व्यावसायिक आहे; तिला देव्हाऱ्यात बसवू नका, तिला योग्य वेतन द्या, वॉर्डात पुरेसे सहकारी द्या, रात्रपाळीत सुरक्षितता द्या आणि तिच्या करुणेचे गोडवे गाणे थांबवा. पहिल्या बाजूला दुसरी कोरडी वाटते, दुसरीला पहिली लबाड वाटते, आणि बोलणे तिथेच खुंटते.

हा वाद खुंटतो याचे कारण असे की, दोन्ही बाजू नकळत एका गोष्टीवर सहमत आहेत आणि नेमकी तीच गोष्ट खोटी आहे. करुणा ही परिचारिकेच्या मूळ कामाबाहेरची, वरून घातलेली भर आहे, असे दोघेही धरून चालतात. पहिली बाजू या भरीला दैवी देणगी समजते आणि म्हणून तिचे मोल करायला नकार देते. दुसरी बाजू तिला भावनिक ओझे समजते आणि म्हणून ती चर्चेतूनच वगळू पाहते. माझे मत असे आहे की, रुग्णाविषयीची करुणा हा परिचारिकेच्या कौशल्याचाच भाग आहे. ती शिकता येते, अनुभवाने धारदार होते, वेळ मागते, थकते, आणि तिच्यामुळे माणसे वाचतात. म्हणून निष्ठेने आणि मायेने काम करणाऱ्या परिचारिकेचे कौतुक केलेच पाहिजे आणि ते हातचे राखून करू नये; मात्र ते इतके नेमके असावे की त्यातून तिने केलेले काम दिसावे आणि ते काम कोणत्या परिस्थितीत झाले हेही दिसावे.

कौतुकाच्या विरोधातला सर्वांत भक्कम युक्तिवाद अलीकडच्या इतिहासानेच पुरवला आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि प्रसविकांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या संघटनेच्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ८० लाख परिचारिका आणि परिचारक होते, त्यांतल्या दहांपैकी नऊ स्त्रिया होत्या, आणि तरीही सुमारे ५९ लाखांची कमतरता होती. याच सुमारास जगभर लोक सज्जांत आणि दारांत उभे राहून टाळ्या वाजवत होते. भारतात २२ मार्चच्या संध्याकाळी थाळ्या आणि घंटा वाजल्या. ब्रिटनमध्ये २६ मार्चपासून सलग दहा गुरुवार टाळ्यांचा गजर झाला. पुढे काय झाले? ब्रिटनच्या सरकारने मार्च २०२१ मध्ये आरोग्यसेवकांसाठी अवघ्या एक टक्का वेतनवाढीचा प्रस्ताव मांडला. ती नंतर वाढवावी लागली, पण असंतोष शमला नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९५ पर्यंत संपावर न जाण्याचा नियम पाळणाऱ्या ‘रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग’ या तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा संप केला. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या त्यांनाच रस्त्यावर उभे राहावे लागले असेल, तर कौतुक म्हणजे देणे चुकवण्याची एक रीत आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष कसा द्यावा?

तो निष्कर्ष मला समजतो, पण पटत नाही. त्या टाळ्यांत भावना खरी होती. त्यांत माहिती मात्र जवळजवळ नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना ठाऊक होते की, कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या रुग्णाला पालथे झोपवण्यासाठी चार-पाच जणांना एकाच क्षणी, एकाच्या इशाऱ्यावर हालचाल करावी लागते, त्या वेळी घशातली नळी जागची हलू नये म्हणून एक माणूस फक्त डोक्याशी उभा असतो, आणि काही तासांनी हे सगळे उलट क्रमाने पुन्हा करावे लागते? किती जणांना माहीत होते की, संरक्षक पोशाखात पाण्याचा घोट घेता येत नाही, म्हणून ड्यूटीच्या आधीच पाणी कमी प्यायची सवय लावून घ्यावी लागते? ज्या कौतुकाला कामाची ओळख नाही ते कोणालाच कशाला बांधून ठेवत नाही. ते ऐकून मंत्री, संस्थाचालक आणि प्रशासक यांच्यापैकी कोणालाही काहीही करावे लागत नाही. टाळ्या निष्फळ ठरल्या त्या या अज्ञानामुळे. त्यावरून कौतुक या गोष्टीलाच निष्फळ ठरवणे म्हणजे रोगाबरोबर रोग्यालाही संपवण्यासारखे आहे.

खुद्द नाइटिंगेल यांच्या बाबतीत समाजाने हेच केले. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांसह क्रिमियाच्या युद्धातल्या ब्रिटिश जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांच्या रात्रीच्या फेऱ्या, हातातला दिवा, सैनिकांशी चार शब्द बोलणे, हे सगळे वर्तमानपत्रांतून मायदेशी पोहोचले आणि अजरामर झाले. पण त्या हिवाळ्यात, दिवा फिरत असतानाही, मृत्यू वाढतच होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शिगेला पोहोचले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ करवली, हवा खेळती केली, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने सगळे आकडे तपासले आणि दाखवून दिले की, सैनिकांतले बहुतेक मृत्यू शत्रूच्या गोळ्यांनी झालेल्या जखमांनी आलेले नसून टाळता येण्याजोग्या रोगांनी आले होते. त्यासाठी त्यांनी काढलेल्या वर्तुळाकार आकृत्या आजही शिकवल्या जातात, आणि १८५८ मध्ये त्या ब्रिटनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. दिवा घेऊन फिरणारी आणि आकडे घेऊन युद्धखात्याशी भांडणारी बाई एकच होती, आणि दोन्ही गोष्टी तिने एकाच कळकळीने केल्या. समाजाने त्यांतला दिवा तेवढा उचलला, कारण दिव्याला वंदन करता येते. आकड्यांना उत्तर द्यावे लागते.

नाइटिंगेल यांची एक भूमिका मात्र आजच्या वादाच्या मुळाशी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये परिचारिकांची संघटना उभी राहिली आणि तिने मागणी केली की, ठरावीक शिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचीच कायद्याने नोंदणी व्हावी. नाइटिंगेल यांनी या मागणीला कसून विरोध केला. परिचारिकेला लागणारे मुख्य गुण तिच्या स्वभावात असतात आणि परीक्षेतून ते मोजता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. हा लढा तीन दशके चालला. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, ब्रिटनमध्ये तो १९१९ मध्ये, म्हणजे नाइटिंगेल यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी झाला. नोंदणीच्या प्रश्नावर फेनविक यांचे बरोबर होते, याविषयी मला शंका नाही. ज्या व्यवसायात कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवून घेऊ शकते तिथे रुग्ण सुरक्षित नसतो आणि परिचारिकेला प्रतिष्ठाही नसते. पण नाइटिंगेल यांची भीतीही निराधार नव्हती. जे परीक्षेत उतरते त्यालाच पुढे किंमत मिळते, आणि जे उतरत नाही ते कोणाच्याच खात्यावर राहत नाही. झाले तसेच. मोजता येणारा भाग अभ्यासक्रमात, पदात आणि वेतनश्रेणीत गेला. न मोजता येणारा भाग भाषणांत गेला. आजच्या वादातल्या दोन बाजू म्हणजे या जुन्या फाळणीचे वारस आहेत.

या टप्प्यावर एक सरळ आक्षेप येतो. मनाने कोमल पण कामात कच्ची परिचारिका आणि तुसडी पण निष्णात परिचारिका यांतली एक निवडायची वेळ आली, तर तुम्ही कोणती निवडाल? मी निष्णात निवडेन, आणि शुद्धीवर असलेला कोणताही रुग्ण तेच करील. औषधाची मात्रा दहापट चुकली तर शेवटपर्यंत हात धरून बसण्याने ती चूक भरून येत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण ही निवड प्रत्यक्षात कितपत समोर येते? ती गृहीत धरते की, रुग्णाकडे आपुलकीने लक्ष देणे आणि रुग्णाची स्थिती अचूक ओळखणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. रुग्णालयातला अनुभव आणि संशोधन, दोन्ही याच्या उलट सांगतात.

सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयाने १९९० मध्ये एक व्यवस्था सुरू केली, जी नंतर अनेक देशांत पसरली. वॉर्डातला रुग्ण ढासळू लागला तर हृदय बंद पडण्याची वाट न पाहता अतिदक्षतेतले पथक आधीच बोलवायचे, अशी ती व्यवस्था होती. पथक कधी बोलवायचे याचे निकष ठरले: नाडी इतकी, रक्तदाब इतका, श्वास इतके. या आकड्यांच्या जोडीला एक निकष असाही होता की, रुग्णाबद्दल तुम्हाला काळजी वाटते आहे, मग आकडे ठीक का असेनात. शास्त्राने एका परिचारिकेच्या काळजीला आपत्कालीन घंटा वाजवण्याचा अधिकार दिला, ही मला आधुनिक वैद्यकातली एक मोठी घटना वाटते. पुढे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ही काळजी उलगडून पाहिली. ‘मला हा रुग्ण बरा वाटत नाही’ असे परिचारिका म्हणते तेव्हा ती काय पाहत असते, याच्या त्यांनी नऊ खुणा मांडल्या: श्वासातला बदल, रक्ताभिसरणातला बदल, हुडहुडी, भानातला फरक, अस्वस्थपणा, वेदना, अपेक्षेप्रमाणे न होणारी सुधारणा, आपल्याला बरे वाटत नाही असे रुग्णाने स्वतः सांगणे, आणि परिचारिकेला जाणवलेले पण शब्दांत न बसणारे काहीतरी. यांतल्या बहुतेक खुणा यंत्राच्या पडद्यावर दिसत नाहीत. त्या दिसायला रुग्ण काल कसा होता हे आठवावे लागते, आणि काल तो कसा होता हे त्यालाच आठवते ज्याने काल त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलेले असते.

माझ्या वडिलांच्या आजारपणात मी हे जवळून पाहिले. रात्री उठून किती वाजले ते विचारायची त्यांची सवय होती आणि रात्रपाळीची सिस्टर न कंटाळता प्रत्येक वेळी सांगायची. एका रात्री त्यांनी विचारले नाही. आम्हाला वाटले, बरे झाले, शांत झोप लागली. तिने मात्र त्यांना हाक मारून उठवले, चार साधे प्रश्न विचारले, बोटाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा चिमटा पाहिला, श्वास मोजले आणि डॉक्टरांना फोन लावला. नाडी आणि रक्तदाब त्या वेळी ठीकच होते. पहाटेपर्यंत ते तसे राहिले नाहीत. हे तिच्या प्रेमळपणामुळे घडले की तिच्या हुशारीमुळे? या प्रश्नाला मला अर्थच दिसत नाही. दर रात्री तोच प्रश्न ऐकून घेण्याचा तिचा सोशिकपणा हाच तिच्या निदानाचा आधार होता.

करुणेचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. १९६४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही रुग्णांना आधीच भेटून नीट सांगितले गेले की वेदना कुठे होतील, किती वेळ टिकतील, स्नायू सैल कसे सोडायचे, कूस कशी बदलायची. बाकीच्यांना नेहमीसारखेच वागवले गेले. ज्यांच्याशी असे बोलले गेले त्यांना शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य वेदनाशामके सुमारे निम्मीच लागली. हे बोलणारे परिचारिका नव्हते, भूलतज्ज्ञ होते, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. कारण त्यातून इतकेच सिद्ध होते की, भ्यालेल्या माणसाशी खरे आणि धीराचे बोलणे हे औषधाइतके ठोस काम आहे. ते काम रुग्णालयात चोवीस तास, तीनही पाळ्यांत, कोण करत असते हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या चळवळीतून आला आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. करुणेची स्तुती करता करता ती सक्तीची होते. मग परिचारिकेने थकलेले असू नये, चिडू नये, नकार देऊ नये, सदैव हसतमुख राहावे अशी अपेक्षा तयार होते, आणि हे काम बहुतांशी स्त्रियाच करत असल्याने ही अपेक्षा घरातल्या जुन्या अपेक्षेला येऊन मिळते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारकवर्गाचा अभ्यास करताना ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली: नोकरीचा भाग म्हणून ठरावीक भावना चेहऱ्यावर आणणे हेही श्रमच असतात आणि ते माणसाला आतून झिजवतात. रुग्णालयांना तारांकित हॉटेलासारखे चालवू पाहणाऱ्या व्यवस्थापनांनी परिचारिकांवर नेमके हेच लादले आहे, हे मी नाकारत नाही. एखादीने रुग्णाच्या सातव्या नातेवाइकाला तेच उत्तर जरा रुक्षपणे दिले की तक्रार होते, आणि पुरुष परिचारकाच्या तशाच उत्तराला मात्र ठामपणा मानले जाते.

पण स्मितहास्य म्हणजे करुणा, हे कोणी ठरवले? मी पाहिलेल्या उत्तम परिचारिकांतल्या काही जणी क्वचितच हसत. त्या शिस्तीच्या होत्या, नातेवाइकांना वेळेवर बाहेर काढत, साखरेच्या रुग्णाच्या उशाखालचा खाऊ निर्विकारपणे उचलून नेत. त्याच परिचारिका ओली चादर बदलताना पडदा ओढून घ्यायला विसरत नसत, शुद्ध हरपलेल्या रुग्णालाही ‘आता सुई टोचते हं, आजोबा’ असे सांगितल्याशिवाय टोचत नसत. ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगणे हे कोणासाठी केलेले प्रदर्शन होते? तिथे दाद देणारे कोणीच नव्हते. दाखवण्याची भावना आणि लक्ष देण्याची सवय यांत हा फरक आहे. पहिली लादली की माणूस झिजतो. दुसरीला वाव मिळाला नाही तर चांगली परिचारिका त्याहून लवकर झिजते, कारण आपल्याला जे करायला हवे ते करता आले नाही ही टोचणी ती घरी घेऊन जाते. म्हणून सक्तीच्या हास्याला विरोध करावा, अवश्य करावा, पण त्या विरोधात करुणेलाच मोडीत काढले तर हा व्यवसाय निवडलेल्या अनेक जणींना आपल्या कामातला सर्वांत मोलाचा भाग लपवावा लागेल.

समर्पणाच्या गोष्टी सांगताना आपण एकेका व्यक्तीला उंच करतो आणि व्यवस्थेला विसरतो, हेही खरे आहे. मराठी वाचकाला अरुणा शानबाग यांचे नाव ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणाताईंवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. या घटनेकडे त्यागाची गाथा म्हणून पाहणे सोपे आहे. पण जरा बारकाईने पाहू. ४१ वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. शेवटच्या वर्षांत त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या, कुशीवर वळवणाऱ्या अनेक जणींनी त्यांना सहकारी म्हणून कधी पाहिलेही नव्हते. व्यक्तिगत मैत्री कधीच मागे पडली होती. उरली होती ती एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिलेली जबाबदारी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काही तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, हाडाच्या उंचवट्यांवर लाली दिसते का ते रोज पाहणे, आहारातली प्रथिने सांभाळणे, आणि यांतले एकही काम एकाही पाळीत न चुकणे. हे एकट्या संत स्त्रीला जमत नाही. त्यासाठी चांगला वॉर्ड लागतो. अरुणाताईंच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कर्मचाऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि त्यापुढे जाऊन, अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांच्यासाठी दयामरण मागणाऱ्या बाहेरच्या याचिकाकर्तीचा नसून रोज त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचा आहे, असे मानले. त्या निकालातला दयामरणाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, इथे कौतुक शब्दांत थांबले नाही. जी सेवा करते तिच्या मताला वजन आहे, असे त्यातून ठरले. किती रुग्णालयांत उपचारांचा निर्णय घेताना परिचारिकेला तिचे मत विचारले जाते?

शेवटचा आक्षेप रुग्णांचा आहे. सगळ्याच परिचारिका अशा नसतात, असे ते सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. प्रसूतीच्या कळांत ओरडणाऱ्या बाईला टाकून बोलणे, गरीब रुग्णाला ताटकळत ठेवणे, घंटा वाजत असताना दुर्लक्ष करणे, हे घडते आणि ते सोसलेल्या माणसाला परिचारिकांची स्तुती ऐकवणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय ठरू शकतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे जे हाल झाले, त्यांवरचा रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. पाणी हाताशी नसलेले रुग्ण, तासन्‌तास मलमूत्रात पडून राहिलेले वृद्ध, ऐकून न घेतलेले नातेवाईक, असे त्याचे चित्र होते. तिथल्या परिचारिकांत एकाएकी निर्दयता कुठून आली? अहवालाने व्यक्तींना दोषमुक्त केले नाही आणि करूही नये. पण त्याने हेही दाखवले की, संस्थेचे सगळे लक्ष आर्थिक ताळेबंदावर आणि ठरवून दिलेल्या उद्दिष्टांवर होते, त्यासाठी कर्मचारी कमी केले गेले होते, आणि ज्यांनी आवाज उठवला त्यांना दाबले गेले होते. जिथे चांगले काम करणारीला कोणी पाहत नाही तिथे वाईट काम करणारीलाही कोणी पाहत नसते. दुर्लक्ष दोघींना सारखेच झाकते.

हे गणित साधे आहे. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात. एका परिचारिकेकडे सहा रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० मिनिटे येतात. तीस असतील तर १६. या १६ मिनिटांतच औषधे, सलाईन, ड्रेसिंग, तापमान-नाडीच्या नोंदी, तपासणीला पाठवणे, डॉक्टरांची फेरी, नवा रुग्ण दाखल करून घेणे, बऱ्या झालेल्याला घरी सोडणे, आणि पुढच्या पाळीला ओव्हर देणे, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवणे, हे सगळे बसवायचे असते. रात्री वेळ विचारणाऱ्या म्हाताऱ्याला उत्तर द्यायला यांतले कोणते मिनिट काढायचे? लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांच्या अभ्यासातही जवळपास हाच आकडा आला. असे अभ्यास कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करत नाहीत, हे मान्य. पण वेगवेगळ्या देशांत तोच कल पुन्हा पुन्हा दिसतो तेव्हा त्याकडे डोळेझाक केली तर परिणामांची जबाबदारी प्रशासकांवर येते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून परिचारिकांचे किमान प्रमाण बंधनकारक केले. तिथे अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण वॉर्डात आता पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी लागते. करुणेवर व्याख्याने ठेवण्यापेक्षा हे महाग पडते. म्हणूनच व्याख्याने जास्त होतात.

मग सामान्य रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने काय करावे? रुग्णालयातली तक्रार नोंदवली जाते, तिला क्रमांक मिळतो, तिच्यावर उत्तर द्यावे लागते. आभार मात्र पेढ्यांच्या डब्याबरोबर नर्सिंग स्टेशनवर ठेवले जातात आणि संध्याकाळपर्यंत डब्याबरोबरच संपतात. १९९९ मध्ये अमेरिकेत मुलगा गमावलेल्या एका कुटुंबाने यावर एक उपाय काढला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी त्यांना इतके थक्क केले होते की, त्यांनी ‘डेझी’ नावाचा एक पुरस्कार सुरू केला, जो आज अनेक देशांतल्या रुग्णालयांत दिला जातो. त्यासाठी रुग्णाने किंवा नातेवाइकाने परिचारिकेने काय केले ते लिहून द्यायचे असते. लिहायला बसले की ‘फार प्रेमळ होती’ या तीन शब्दांवर भागत नाही. कधी, कोणासाठी, काय केले आणि त्याने काय फरक पडला, ते आठवावे लागते, आणि आठवता आठवता लिहिणाऱ्यालाही ते काम प्रथमच नीट दिसते.

असे पत्र लिहायला कोणत्याही पुरस्काराची गरज नाही. ते मेट्रनला लिहावे, त्याची प्रत रुग्णालयाच्या प्रमुखांना द्यावी, आणि ते त्या परिचारिकेच्या सेवापुस्तकात लावण्याची लेखी विनंती करावी. वॉर्डाचे नाव, तारीख, पाळी आणि घडलेली गोष्ट त्यात असावी. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये रुग्णालयांनी वॉर्डाच्या दाराशी त्या पाळीला किती परिचारिका असायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती आहेत हे फलकावर लिहावे, असा दंडक घातला गेला. जिथे असा फलक नाही तिथे आपण स्वतः विचारावे. आणि आपल्या आईची कूस तिने दर दोन तासांनी न चुकता बदलली असे पत्रात लिहिताना, त्याच ओळीत हेही लिहावे की, त्या रात्री तिच्याकडे आणखी किती रुग्ण होते आणि तिच्या मदतीला कोण होते.